कायदा आहे की! वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की शहरात वस्तू फिरती ठेवायला (ह्यालाच सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात), म्हणजे वापरा, बिघडली की दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या आणि अगदीच संपली की वितळवून नवीन करा, ह्या सगळ्याला वेगळा कायदा लागत नाही, आहेत तेच वापरले तरी लय काम होईल. त्यावर बरीच पत्रं आणि व्हॉट्सॲप आले. काही चिडलेले, काही कामाचे. त्यातले निवडक घेतलेत.

मॅडम, आम्ही कॉलेजचे मित्र मिळून "सर्क्युलर इकॉनॉमीचा स्वतंत्र कायदा करा" म्हणून सह्यांची मोहीम काढणार होतो, तुमच्या लेखानं त्याची हवाच गेली. खरंच नको का कायदा? — विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

मोहीम काढा की, कोण नको म्हणतंय. पण आधी आपल्याकडं काय काय पडून आहे ते बघा. ओला-सुका कचरा, प्लॅस्टिक, ई-कचरा, बॅटऱ्या, बांधकामाचा राडारोडा, मोडीत निघालेल्या गाड्या, प्रत्येकाला केंद्राचे वेगळे नियम आहेत आणि ते सगळे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली काढलेत. ई-कचऱ्याचे नियम २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू. त्यात टीव्ही, फ्रीज, मोबाईल बनवणाऱ्या कंपनीनं आधी विकलेल्या मालाच्या हिशोबानं ठराविक टक्के जुना माल रिसायकल करून घ्यायचाच आहे, सुरुवातीला ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० आणि २०२७-२८ पासून ८०. बॅटरीचेही नियम २०२२ चेच. मोडीतल्या गाड्यांचे १ एप्रिल २०२५ पासून आलेत. आणि घनकचऱ्याचे २०१६ चे जाऊन २०२६ चे नवे लागू झालेत.

तरी माझं म्हणणं जरा वेगळंच आहे. हे सगळे नियम वस्तू कचऱ्यात गेल्यावर जागे होतात. वस्तू कचऱ्यात जाऊच नये म्हणून जे कायदे कामाला येतात त्यांच्या नावात कचरा हा शब्दच नाही. फेरीवाल्यांचा कायदा, ग्राहक संरक्षण, स्पर्धा कायदा, अन्न सुरक्षा, सरकारी टेंडरच्या अटी. तुमच्यासारखी पोरं पर्यावरणाच्या पुस्तकात शोधत बसतात आणि ते कायदे तिकडं बाजार परवान्याच्या टेबलावर पडलेले असतात. खालची पत्रं वाचा, कळंल मी काय म्हणते ते.

ताई, माझे वडील रस्त्याकडेला बसून कुकर, मिक्सर, गॅस शेगड्या दुरुस्त करायचे, आता मी करतो. अतिक्रमणची गाडी आली की सामान उचलून पळायचं. एकदा हत्यारांची पेटीच नेली. भाजीवाल्यांना म्हणे कायद्याचं संरक्षण आहे, आम्हाला काय? आम्ही तर काही विकत नाही. — एक वाचक, मंगळवार पेठ

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण ह्या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा फक्त विकणाऱ्यांसाठी नाही. त्यात पथविक्रेत्याच्या व्याख्येतच लोकांना सेवा देणारा माणूस धरलाय. म्हणजे चांभार, छत्रीवाला, कुलूप-किल्लीवाला, शेगडी दुरुस्त करणारा, सगळे आले. तुम्ही विक्रेते नाही म्हणून कोण परत पाठवत असेल तर ती व्याख्या छापून खिशात ठेवा.

आता पुढचं. कायदा म्हणतो की आधी सर्व्हे करा, सगळ्यांना विक्री प्रमाणपत्र द्या, तोवर कुणाला उठवायचं नाही. उठवायचंच झालं तर ३० दिवसांची नोटीस. सामान जप्त केलं तर त्याची यादी करून तुम्हाला प्रत दिली पाहिजे, आणि नाशवंत नसलेलं सामान तुम्ही मागणी केल्यावर दोन कामाच्या दिवसांत परत, अर्थात ठरलेलं शुल्क भरून. तुमची पेटी ह्यात येते. यादी दिली नसेल तर तेच लेखी लिहून द्या, "अमुक तारखेला अमुक ठिकाणाहून पेटी नेली, यादी मिळाली नाही, परत मिळावी" एवढं पुरे, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

शहर फेरीवाला समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला पाहिजेत. आता त्या समितीत भाजीवाले, फळवाले, कपडेवाले बसतात आणि दुरुस्तीवाला सहसा एकही नसतो, कारण तुम्ही लोक स्वतःला फेरीवाला समजतच नाही. पुढच्या सर्व्हेला नाव लावा, व्यवसायाच्या रकान्यात "दुरुस्ती सेवा" असंच लिहायला सांगा, "इतर" मध्ये ढकलू देऊ नका. आणि एका ठिकाणी ५० वर्षांहून जास्त बाजार भरत असेल तर त्याला वारसा बाजाराचा दर्जा देऊन तिथल्या लोकांना हलवायचं नाही अशीही तरतूद आहे. कोल्हापुरात असे कोपरे किती निघतील तुम्हीच सांगा, तुमच्या वडिलांच्या वेळचा कोपरा त्यात बसतोय का बघा.

एक कुकर दुरुस्त झाला की एक नवा कुकर कमी लागतो. एवढं साधं आहे, पण शहराच्या पर्यावरण अहवालात फुटपाथवरचा दुरुस्तीवाला काय दिसत नाही, तो अतिक्रमणाच्या फाईलीत दिसतो.

आमच्या मिक्सरचं एक प्लॅस्टिकचं कपलर तुटलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात हे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. मिक्सर तीन वर्षांचा आहे. काय करता येईल? — गृहिणी, शाहूपुरी

काकू, आधी तो तुकडा घेऊन उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत चक्कर मारा. लेथवर पाडून देणारा कुणीतरी भेटेलच, आपल्या गावात पार्ट नाही म्हणून सहसा काम अडत नाही.

पण म्हणून कंपनीला सोडायचं असं नाही. दुरुस्तीचा हक्क म्हणून वेगळा कायदा आपल्याकडं अजून नाही, केंद्राच्या ग्राहक खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि गाड्या असे चार गट घेतले. ते माहितीपुरतं. हातात धरायचं हत्यार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९. त्याखाली पार्ट न देणं ही सेवेतली त्रुटी आहे असं म्हणून तक्रार करता येते. पहिलं पाऊल १९१५ नंबरला फोन, बऱ्याच कंपन्या तिथंच हलतात. नाही हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. जुन्या कायद्यात कंपनी जिथं आहे किंवा व्यवहार जिथं झाला तिथं जायची भानगड होती, आता तुम्ही जिथं राहता तिथं म्हणजे कोल्हापूरच्याच आयोगात तक्रार करता येते, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, ऑनलाईनही होते. सर्व्हिस सेंटरनं "पार्ट उपलब्ध नाही" हे तोंडी सांगितलं असेल तर जॉब शीटवर लिहून मागा. तो कागदच तुमचा पुरावा. तोंडी बोलण्याला आयोगात काय किंमत नसते.

आणि गाडीवाल्यांनी हे लक्षात ठेवा. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड लावला, कारण त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची माहिती देत नव्हत्या, आणि बाहेर गाडी उघडली की वॉरंटी गेली असं सांगत होत्या. दंडाच्या रकमेवर पुढं अपिलं झाली ते सोडा, पण बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही हे त्या आदेशात होतं. हे पर्यावरणासाठी कुणी केलेलं नव्हतं, बाजारात दादागिरी नको म्हणून केलेलं होतं. उपयोग मात्र गॅरेजवाल्याला झाला आणि गाडी जास्त वर्षं टिकण्यालाही.

आमचा वड्याचा आणि मिसळीचा गाडा आहे. उरलेलं तेल काय करायचं? एकजण डब्यावर पैसे देऊन नेतो, कुठं नेतो माहीत नाही. परवा कुणीतरी म्हणालं हे बेकायदा आहे. — बिंदू चौकाजवळून

तुम्ही विचारलंत हेच मोठं, नाहीतर ह्या विषयावर सगळे गप्प बसतात. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोलर कंपाऊंड नावाचे पदार्थ वाढत जातात, अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्याची मर्यादा २५ टक्के ठरवलीय, १ जुलै २०१८ पासून. त्याच्या वर गेलेलं तेल खायला वापरायचं नाही, मग ते तुमच्या कढईत असो की दुसऱ्या कुणाच्या. मोजायला हातात धरायचं मीटर येतं, पण गाड्यावर कोण ठेवतंय. तेल काळपट आणि चिकट झालं, धूर लवकर यायला लागला, वडा सोडला की फेस चढून बसायला लागला की समजायचं.

दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळायला लागतं अशा मोठ्या धंद्यांना तेलाची नोंदवही ठेवावी लागते, किती वापरलं, किती टाकलं, कुणाला दिलं. तुमचा गाडा त्यात बसत नसेल. पण तेल कुणाला देता हे तुमच्यावर पण येतं. डबे नेणारा माणूस ते स्वस्तात दुसऱ्या खाद्यवाल्याला विकत असेल तर ते तेल फिरून लोकांच्या पोटात जातं, आणि हे असं फिरणं आपल्याला नको. प्राधिकरणाचा वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करायचा कार्यक्रम आहे, त्यासाठी नोंद असलेले तेल गोळा करणारे असतात, ते पैसेही देतात आणि पावतीही. एकट्या गाड्याकडं इतकं तेल जमत नाही की ते गाडी घेऊन येतील. म्हणून चार-पाच गाडेवाले मिळून एका जागी ड्रम ठेवा आणि एकाच्या नावानं व्यवहार करा. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात अशा गोळा करणाऱ्यांची माहिती मागता येते. कट आणि तर्रीचं तेल ह्यात धरू नका, ते ग्राहकाच्या ताटात संपतं.

आमच्या अपार्टमेंटमध्ये ८० फ्लॅट आहेत. ओल्या कचऱ्याचं खत सोसायटीतच करा असं मी म्हणतो तर बाकीचे म्हणतात आपण बल्क वेस्टवाले नाही, ते मोठ्या टाऊनशिपला असतं. — सेक्रेटरी, ताराबाई पार्क

सेक्रेटरीसाहेब, पाण्याचं बिल काढा. २०२६ च्या घनकचरा नियमांत मोठा कचरा निर्माता ओळखायचे तीन निकष आहेत, २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधीव क्षेत्र, किंवा रोज ४०,००० लिटर पाणी, किंवा रोज १०० किलो कचरा. तिन्ही नाही, कुठलाही एक. आता ८० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण हिशोब, म्हणजे ४३,२०० लिटर. झालात की तुम्ही बल्क! टाऊनशिपवाल्यांकडं बोट दाखवणाऱ्या सभासदांना हे गणित पुढच्या सभेत फळ्यावर मांडून दाखवा. मग ओल्या कचऱ्याची प्रक्रिया शक्यतो आवारातच करायची, नाहीच जमलं तर नियमात सांगितलेलं प्रमाणपत्र घ्यायचं. वर्गीकरणही आता चार प्रकारांत आहे, ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे बल्ब, औषधं, रंगाचे डबे वगैरे.

खताचं काय करायचं म्हणून भांडण होईल, होतंच. आधी आपल्याच झाडांना, उरलं तर सभासदांच्या शेताला, कोल्हापुरात ज्याचं कुठं ना कुठं अर्धा एकर नाही असा फ्लॅटवाला कमीच. नाहीतर हाच सगळा ओला माल प्लॅस्टिकमध्ये बांधून बावड्याच्या झूम कचरा डेपोवर जातो. मालमत्ता करात सवलत मागा हे पण सांगते, पुण्यात गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी अशा गोष्टींना करात सूट देतात, तसा ठराव करायला इथंही कायद्याची अडचण नाही, नगरसेवकाच्या मागं लागावं लागेल एवढंच.

जुने वाडे पाडायची कामं घेतो. सागवान, घडीव दगड, कौलं विकली जातात, पण राडारोड्याचं काय? लांब नेऊन टाकायला डंपरचा खर्च परवडत नाही, ओढ्यात टाकला तर लोक फोटो काढतात. — ठेकेदार, शिवाजी पेठ

फोटो काढतात ते बरं करतात. जयंती नाल्याच्या कडेला राडारोडा टाकला की पावसाळ्यात पाणी कुणाच्या घरात शिरतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही वाड्याचं जे करता, लाकूड वेगळं, दगड वेगळा, कौलं वेगळी, तेच नियमाला पाहिजे आहे. २०१६ च्या बांधकाम-कचरा नियमांत दिवसाला २० टनांहून किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्यानं काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-गिलावा असं वेगळं करून आधी आराखडा द्यायचा होता. आता १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम आहेत, त्यात २०,००० चौरस मीटर आणि वरच्या प्रकल्पांवर उत्पादकाची, म्हणजे बांधणाऱ्याची, जबाबदारी टाकलीय. तुमचे वाडे त्याच्या लय खाली, पण वेगळं करून ठरलेल्या जागी देणं तुम्हालाही चुकत नाही. ती जागा ठरवून देणं पालिकेचं काम आहे, ते मात्र मागून घ्यावं लागतं.

खरी गोम पुढं आहे. राडारोडा दळून खडी, पेव्हर ब्लॉक करता येतात, पण घेणार कोण? गिऱ्हाईक नसलं की क्रशर बंद पडतो. २०१६ च्याच नियमांत लिहिलं होतं की सरकारी आणि महापालिकेच्या कामांत अशा मालाचा साधारण १० ते २० टक्के वाटा सक्तीचा करावा, दर्जा तपासून. आणि दर्जाचं म्हणाल तर आयएस ३८३ हे खडी-वाळूचं भारतीय मानक २०१६ मध्ये सुधारलं, त्यात जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) किंवा खालच्या आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे इंजिनिअर "मानकात बसत नाही" म्हणाला तर त्याला हे दाखवायचं. तुम्ही स्वतः टेंडर भरता ना? मग प्री-बिड मीटिंगला, म्हणजे टेंडर भरायच्या आधीच्या बैठकीला, लेखी प्रश्न टाका की फुटपाथच्या ब्लॉकमध्ये पुनर्वापराचा माल किती टक्के धरलाय. लेखी प्रश्नाला त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते सगळ्या बोलीदारांना जातं. एका ठेकेदाराच्या प्रश्नानं जे होतं ते दहा मोर्च्यांनी होत नाही, हे माझं मत.

थोडक्यात उत्तरं

शिरोलीच्या भंगार व्यापाऱ्यांना: १० ऑक्टोबर २०२४ पासून बिननोंदणीच्या माणसाकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यानं स्वतः भरायचा, त्याचं क्रेडिट नियमानुसार मिळतं. हातगाडीवाल्याला नंबर काढ म्हणून मागं लागायची गरज नाही, त्यानं आणलेल्या लोखंडावरच आपल्या फौंड्र्या चालतात. रीतसर खरेदीची नोंद मात्र ठेवा.

मंगल कार्यालयवाल्यांना: उरलेलं चांगलं जेवण वाटायला २०१९ चं अन्न सुरक्षेचं नियमन आहे, १ जुलै २०२० पासून लागू. वाटणाऱ्या संस्थेची नोंदणी आणि अन्नाची तारीख-वेळ बघून द्या. पंगत उठल्यावर तीन तासांनी फोन करू नका, आधी सांगून ठेवा.

कचरा वेचणाऱ्या ताईंच्या बचत गटाला: ओळखपत्र आणि सुका कचरा वर्गीकरण केंद्रावर काम मागायचा आधार नियमांतच आहे, वेचकांच्या संघटनांना व्यवस्थेत घ्या असं पालिकांना सांगितलंय. पुण्यात स्वच्छ ही वेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते, त्यांच्या कराराचा नमुना मागवून घ्या आणि अर्जाला जोडा.

हे सगळं ठीक आहे, पण पालिका काय करते हे आम्हाला कळणार कसं? माहिती अधिकारात नेमकं काय विचारायचं? — निवृत्त शिक्षक, फुलेवाडी

गुरुजी, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळं सगळं एका कागदावर कोंबू नका, त्या कारणावरून अर्ज परत येतो. चार वेगळे अर्ज करा, प्रत्येकाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पहिल्यात विचारा, शहर फेरीवाला समितीच्या गेल्या दोन वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं आणि सर्व्हेच्या यादीत दुरुस्ती सेवा देणारे किती. दुसऱ्यात, मोठे कचरा निर्माते म्हणून नोंद असलेल्या आस्थापनांची यादी. तिसऱ्यात, पालिकेच्या बागांत गेल्या वर्षी कचऱ्यापासूनचं खत किती वापरलं व रासायनिक खत किती खरेदी केलं. चौथ्यात, गेल्या वर्षीच्या रस्ते आणि फुटपाथच्या टेंडरांत पुनर्वापर केलेल्या मालाची अट असलेल्या कामांची यादी. "का केलं नाही" असं विचारू नका, कारण विचारलं की ही माहिती नाही म्हणून हात झटकतात, कागद मागा, यादी मागा, प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. उत्तरं आली की आम्हाला पाठवा, नाव न छापता ह्याच सदरात देऊ.